आयल रॉयलला जाताना: पाण्यापलीकडे काय न्यावे आणि काय नेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील आणि १४ व ११ वर्षांची दोन मुले असे चौघांचे कुटुंब ऑगस्टमध्ये पाच दिवस अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या आयल रॉयल राष्ट्रीय उद्यानात पायी भटकंती करू इच्छिते. घरचा शांत आणि सर्व लसी दिलेला कुत्रा व स्वतःची कायाक (वल्ह्यांनी चालवायची लहान अरुंद होडी) सोबत नेता येईल का, मुलांना मूस (हरणांच्या कुळातील एक मोठा प्राणी) आणि लांडगे दिसतील का, आणि जे बेट निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ देण्यासाठी राखून ठेवले आहे तिथे सरकारने बाहेरून लांडगे आणून का सोडले, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

या उद्यानात अनेक उन्हाळे मी पर्यटकांच्या लहान गटांसोबत चाललो आहे, आणि बोटीत चढण्याआधी त्यांच्या सामानाची पाहणी करण्याचे कामही केले आहे. त्या अनुभवावरून मला असे दिसते की वरचे सगळे प्रश्न एकाच मुळाशी जातात. या बेटावर कोण जगले आणि कोण नाहीसे झाले हे आजवर मुख्यतः पाणी ओलांडून काय आले यावरून ठरले आहे. आणि आज हे पाणी ओलांडून येणाऱ्यांत आपणच सर्वाधिक आहोत. इथल्या प्रत्येक नियमामागे अशा एखाद्या येण्याचा इतिहास आहे. तो माहीत असेल तर नियम पाळणे जड जात नाही, म्हणून मी उत्तरात दोन्ही एकत्रच सांगणार आहे.

लेक सुपीरियर हे पृष्ठफळाने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याच्या वायव्य भागात सुमारे ७२ किलोमीटर लांब आणि सर्वांत रुंद जागी १४ किलोमीटर असे हे बेट आहे, आणि त्याच्या भोवती साधारण ४५० लहान बेटे विखुरलेली आहेत. मुख्य भूमीचा सर्वांत जवळचा किनारा वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. हे अंतर मोठे वाटत नाही, पण तेथील पाणी उन्हाळ्यातही इतके थंड असते की पोहून येणे थोड्याच प्राण्यांना जमते. त्यामुळे समोरच्या किनाऱ्यावरील जंगलात सहज आढळणारी अस्वले, पांढऱ्या शेपटीची हरणे, रॅकून, साळिंदर यांपैकी कोणीही या बेटावर नाही. अमेरिकी काँग्रेसने १९३१ मध्ये उद्यानाला मंजुरी दिली, १९४० मध्ये ते प्रत्यक्षात आले, आणि १९७६ मध्ये त्यातील जमिनीचा जवळजवळ सगळा भाग कायद्याने रानप्रदेश म्हणून राखीव झाला. म्हणजे तिथे रस्ते, वाहने आणि नवी बांधकामे होऊ शकत नाहीत. उद्यानाची हद्द किनाऱ्यापासून सुमारे सात किलोमीटर सरोवरात जाते, त्यामुळे उद्यानाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच आहे. हा तपशील पुढे कुत्र्याच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो.

कुत्रा नेता येणार नाही. जमिनीवर तर नाहीच, पण स्वतःच्या बोटीत बसवून उद्यानाच्या हद्दीतील पाण्यातसुद्धा नाही. प्रशिक्षित सेवा-श्वानांसाठी वेगळे नियम आहेत आणि त्यांच्याबाबत आधी उद्यान प्रशासनाशी बोलावे लागते. घरगुती पाळीव प्राण्याला मात्र कोणतीही सवलत नाही. याचे कारण असे, की १९८० मध्ये या बेटावर ५० लांडगे होते आणि १९८२ मध्ये फक्त १४ उरले. त्या दोन वर्षांत कुत्र्यांमध्ये पसरणारा पार्व्होव्हायरस बेटावर पोहोचला होता, आणि तो कोणा पर्यटकाच्या कुत्र्यासोबत आला असावा असे संशोधकांचे मत आहे. हा विषाणू अत्यंत चिवट असून मातीत महिनोन्महिने तग धरतो. लस कुत्र्याला आजारापासून वाचवते, पण त्याच्या पंजांना आणि केसांना लागून जाणारी दूषित माती थांबवू शकत नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो: कुत्र्याला फिरवताना वापरलेले बूट बेटावर नेण्याआधी तळव्यातील प्रत्येक खाच ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावेत. तंबूचा तळ, काठ्यांची टोके आणि सॅकचे खालचे कप्पे यांनाही तीच काळजी लागू आहे, कारण बाहेरच्या तणांचे बी याच जागी अडकून प्रवास करते.

आता लांडग्यांचा प्रश्न, जो मला या सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर जाणकारांचेही एकमत झालेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या बेटावर मूस आले. मूस म्हणजे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी, आणि तो उत्तम पोहतो. लांडगे मात्र १९४० च्या दशकाच्या शेवटी, सरोवर गोठल्यावर बर्फावरून चालत आले. १९५८ मध्ये वन्यजीव संशोधक डरवर्ड ॲलन यांनी या दोन प्राण्यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास सुरू केला. पुढे रॉल्फ पीटरसन आणि जॉन वुसेटिच यांनी तो चालू ठेवला, आणि आज भक्षक व भक्ष्य यांच्यावरचा हा जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला अभ्यास मानला जातो. हिवाळ्यात संशोधक स्की बसवलेल्या लहान विमानाने गोठलेल्या पाण्यावर उतरतात आणि हवेतून मोजणी करतात; उन्हाळ्यात मेलेल्या मूसची हाडे व कवट्या गोळा करून त्यांचे वय, आजार आणि उपासमारीच्या खुणा तपासतात. इथे शिकार होत नाही, वृक्षतोड होत नाही, आणि मूसला खाणारा लांडग्याशिवाय दुसरा प्राणी नाही. त्यामुळे इतरत्र अनेक कारणांच्या गुंत्यात हरवणारी गोष्ट इथे स्वच्छ दिसते.

पार्व्होव्हायरसच्या तडाख्यानंतर लांडगे पुन्हा पूर्वीइतके वाढले नाहीत. वाचलेले थोडेच होते आणि ते एकमेकांचे नातलग होते. लांडगे कमी झाल्यावर मूस वाढत गेले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या सुमारे २,४०० झाली. मग एका कडक हिवाळ्यात भूक आणि गोचिडांचा प्रादुर्भाव एकत्र आले आणि थोड्याच काळात जेमतेम ५०० मूस उरले. १९९७ मध्ये कॅनडाकडून एकच नर लांडगा बर्फावरून चालत आला. काही पिढ्यांत बेटावरील जवळजवळ प्रत्येक लांडगा त्याचा वंशज झाला. काही काळ टोळ्या सुदृढ दिसल्या, पण नंतर त्याच वंशाची आपापसात वीण होऊ लागली आणि मणक्यांतील जन्मजात विकृती वाढत गेल्या. २०११-१२ च्या हिवाळ्यात तीन लांडगे एका जुन्या, सोडून दिलेल्या तांब्याच्या खाणीच्या खड्ड्यात पडून मेले. इतक्या लहान समूहाला तेवढा एक अपघातही फार महाग पडला. शेवटी फक्त दोन लांडगे उरले: एक नर आणि त्याची मुलगी, जी त्याची सावत्र बहीणही होती. त्यांच्यापासून पुढची पिढी वाढण्याची आशा नव्हती.

नवे रक्त पूर्वी येत होते ते बर्फावरून. १९६० च्या दशकात बहुतेक हिवाळ्यांत बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये बर्फ जमत असे. आता असा हिवाळा क्वचित येतो, आणि आला तरी बर्फ थोडेच दिवस टिकतो. ही वाट बंद होण्यात माणसाने तापवलेल्या हवामानाचा मोठा हात आहे. दुसरीकडे, लांडगे जवळजवळ नसलेल्या बेटावर २०१९ पर्यंत मूसची संख्या पुन्हा सुमारे २,००० च्या वर गेली. मूस हिवाळ्यात बाल्सम फर या सदाहरित झाडाचे शेंडे खाऊन जगतात, आणि बेटाच्या पश्चिम भागात या झाडाची नवी रोपे माणसाच्या उंचीलाही पोहोचत नव्हती. म्हातारी झाडे पडत होती आणि त्यांची जागा घेणारे कोणी उरत नव्हते.

या परिस्थितीत राष्ट्रीय उद्यान सेवेने २०१८ मध्ये नवे लांडगे आणण्याचा निर्णय घेतला. २०१८ च्या शरद ऋतूपासून पुढच्या वर्षभरात मिनेसोटा, मिशिगन आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ या भागांतून १९ लांडगे आणले गेले. पहिले लांडगे मिनेसोटातील ग्रँड पोर्टेज या ओजिब्वे या मूळ रहिवासी समाजाच्या भूमीवरून आले. आयल रॉयल हे ओजिब्वे लोकांसाठी मिनाँग आहे, आणि या बेटाशी त्यांचे नाते उद्यानापेक्षा फार जुने आहे. म्हणून त्यांचा या कामातील सहभाग मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. काही लांडगे लेक सुपीरियरमधीलच मिशिपिकोटेन बेटावरून आले, जिथे त्यांनी तेथील कॅरिबू (उत्तरेकडील थंड प्रदेशातील हरणे) जवळजवळ संपवले होते आणि ते स्वतः उपासमारीच्या काठावर होते. आणलेल्यांपैकी एक मादी २०१८-१९ च्या हिवाळ्यात, सरोवर थोडे दिवस गोठले तेव्हा, बर्फावरून चालत मुख्य भूमीवर परत गेली. २०२४ च्या हिवाळी पाहणीत लांडग्यांची संख्या सुमारे ३० आणि मूसची सुमारे ८४० असल्याचा अंदाज होता.

या निर्णयाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. राखीव रानप्रदेशाचा अर्थच असा आहे की तिथे माणसाने आपली इच्छा लादू नये. बेटांवर प्रजाती येतात आणि नाहीशा होतात. कॅरिबू आणि लिंक्स हे रानमांजर इथून गेले, लांडग्याचा लहान भाऊबंद कायोटीही लांडगे आल्यावर गेला, आणि लांडगे गेले असते तर तोही बेटाचाच इतिहास ठरला असता, असे ते म्हणतात. एकदा हस्तक्षेप केला की तो पुन्हा पुन्हा करावा लागेल, हीही त्यांची रास्त भीती आहे. तरीही माझे मत या निर्णयाच्या बाजूने आहे. विषाणू माणसासोबत आला, खाणीचा खड्डा माणसाने खणला आणि बर्फाची वाट बंद होण्यातही माणसाचा वाटा आहे. इतके सगळे करून झाल्यावर, नेमके परतफेडीच्या वेळी, आता आपण हात लावायचा नाही असे म्हणणे मला तत्त्वनिष्ठ वाटत नाही. शिवाय लांडग्यांची वाट पाहत राहिलो असतो तर तोपर्यंत फरचे जंगल पश्चिम भागातून कदाचित गेलेच असते, आणि जंगल परत आणणे हे १९ लांडगे आणण्यापेक्षा फार अवघड काम आहे. मुलांना हा वाद जरूर सांगा. ११ वर्षांच्या मुलाला तो पूर्ण समजतो असा माझा अनुभव आहे.

एवढ्यावरून बेट बाहेरच्या जगापासून तुटलेले आहे असा समज होण्याची शक्यता आहे, म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवतो. बेटाच्या पोटात सिस्किविट नावाचे सरोवर आहे. त्याच्या आसपास ना शेती आहे ना कारखाना, आणि त्याचे पाणी लेक सुपीरियरच्या पातळीपेक्षा उंचावर आहे. तरी तेथील माशांत पीसीबी (कारखान्यांत वापरले जाणारे एक विषारी रसायन) आणि टॉक्साफीन ही रसायने सापडली. टॉक्साफीन हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांवर मोठ्या प्रमाणात फवारले जाणारे कीटकनाशक होते. ते इथवर पोहोचण्याची वाट फक्त हवेची होती, आणि विषारी रसायने वाऱ्याने किती दूर जातात हे जगाला पटवण्यात या एकाकी सरोवराचा मोठा वाटा आहे. या वाटेवर एका पर्यटकाचे नियंत्रण नाही. बूट, बोट आणि अन्नाच्या पिशव्या मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहेत.

मुलांना मूस दिसण्याची शक्यता चांगली आहे. पहाटे आणि संध्याकाळी, उथळ तळ्यांच्या आणि दलदलीच्या कडेला, न बोलता बसून राहिलात तर पाण्यातील वनस्पती खायला आलेला मूस दिसू शकतो. त्याला वाट द्यावी आणि जवळ जाऊन छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. कान मागे पडले, मानेवरील केस उभे राहिले की तो चिडला आहे असे समजावे आणि जाड झाडाच्या आड सरकावे. पिलासोबतची मादी सर्वांत धोकादायक असते, आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर नर माजावर येतात. लांडगा दिसण्याची आशा मात्र ठेवू नका. चिखलात उमटलेले ठसे, वाटेवरची केसाळ विष्ठा आणि कधी रात्री दुरून ऐकू येणारा आवाज एवढेच बहुतेकांच्या वाट्याला येते, आणि तेच योग्य आहे. मुक्कामाच्या जागी अन्न उघडे राहिले तर कोल्हे आणि खारी ते पळवतात, आणि लांडग्यालाही माणसाच्या अन्नाची चव लागू शकते. माणसाला न घाबरणारा लांडगा शेवटी माणसाच्याच हातून मरतो. म्हणून अन्न, कचरा, टूथपेस्टसारख्या वासाच्या वस्तू या सगळ्या बंद डब्यात किंवा उद्यानाच्या त्या वर्षीच्या सूचनेनुसार सुरक्षित ठेवाव्यात, आणि तंबूत काहीही खाऊ नये. बूटही आत घ्यावेत. कोल्हे ते उचलून नेतात.

आता प्रवास. हे उद्यान १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल पूर्ण बंद असते, आणि बोटींचा मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर असा असतो. मिशिगनच्या हॉटन गावातून उद्यान सेवेचे स्वतःचे रेंजर ३ हे जहाज सुमारे सहा तासांत बेटाच्या पूर्व टोकाच्या रॉक हार्बरला पोहोचते. कॉपर हार्बरहून जाणारी फेरीबोट साधारण साडेतीन तास घेते, तर मिनेसोटातील ग्रँड पोर्टेजहून पश्चिम टोकाच्या विंडिगोला दीड-दोन तास लागतात. पाण्यावर उतरणारी छोटी विमानेही आहेत, पण त्यांतून स्टोव्हचे इंधन नेता येत नाही; ते बेटावरील दुकानातून घ्यावे लागते. ग्रँड पोर्टेजहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथील घड्याळ अमेरिकेच्या मध्य विभागाच्या वेळेवर चालते आणि बेटाचे पूर्व विभागाच्या, म्हणजे एक तास पुढच्या वेळेवर. परतीची बोट एका तासाच्या गोंधळाने चुकलेली माणसे मी पाहिली आहेत. प्रवेशशुल्क १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला दर दिवशी ७ डॉलर आहे, म्हणजे पाच दिवसांचे आपल्या कुटुंबाचे ७० डॉलर होतील. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शुल्क नाही, आणि अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो इथे चालतो. मुक्कामासाठी परमिट लागते. सहापर्यंतच्या गटांना जागा आधी राखून मिळत नाहीत, जो आधी पोहोचेल त्याला मिळतात; सात ते दहा जणांच्या गटांना आगाऊ आरक्षण करावे लागते. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचे नियम पाहून घ्यावेत.

परतीच्या दिवसानंतर किमान एक दिवस मोकळा ठेवा. धुके किंवा वारा असेल तर बोट आणि विमान दोन्ही थांबतात, आणि त्यावर कोणाचाही इलाज नसतो. बेटावर मोबाइलचे नेटवर्क नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र सोबत असावे, पण मदत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात हे गृहीत धरूनच चालावे; पाय मुरगळणे हा इथे किरकोळ प्रसंग नसतो. म्हणून अन्नाचा एक दिवसाचा जादा साठा, कोरडे कपडे, पावसाचे जाकीट आणि डासांपासून रक्षण करणारी डोक्यावरची जाळी एवढे असलेच पाहिजे. ऑगस्टमध्ये डास जून-जुलैपेक्षा कमी असतात.

पाच दिवसांत संपूर्ण बेट ओलांडण्याचा हट्ट धरू नका. बेटाच्या कण्यावरून, म्हणजे मधल्या डोंगरधारेवरून, जाणारी सुमारे ६५ किलोमीटरची ग्रीनस्टोन वाट प्रसिद्ध आहे, पण ११ वर्षांच्या मुलाला पाठीवर ओझे घेऊन ती करायला लावली तर त्याला बेट आठवणार नाही, फक्त दमणूक आठवेल. माझी सूचना अशी: पहिल्या दिवशी रॉक हार्बरहून साधारण साडेचार किलोमीटरवरील थ्री माइल या तंबूच्या जागी मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने पुढे डेझी फार्मला जा. रॉक हार्बरपासून ते सुमारे साडेअकरा किलोमीटरवर आहे. तिसऱ्या दिवशी सहा-सव्वासहा किलोमीटरवरील मॉस्की बेसिन गाठा आणि दुपारनंतर कुठेही न जाता तिथल्या खडकांवर बसा. परतताना पुन्हा डेझी फार्मला मुक्काम करा, आणि चढ झेपत असेल तर तिथून ओजिब्वे मनोऱ्यापर्यंत जाऊन कण्यावरून सरोवराच्या दोन्ही बाजू पाहा. वाटेत ओल्या मुळ्या आणि निसरडे खडक सतत येतात, त्यामुळे ताशी अडीच किलोमीटरचा हिशेब धरावा. बऱ्याच मुक्कामांवर शेकोटीला परवानगी नाही. स्वयंपाकासाठी स्टोव्ह हवाच.

पिण्याच्या पाण्याबाबत जास्त सविस्तर सांगतो, कारण इतर उद्यानांतील सवयी इथे कामाला येत नाहीत. बेटावरील पाण्यात एका पट्टकृमीची अंडी असू शकतात. हा कृमी लांडग्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर आणि पाण्यात जातात, मूस ती गिळतो, त्याच्या फुप्फुसात गाठी तयार होतात, आणि लांडग्याने तो मूस खाल्ला की चक्र पूर्ण होते. माणूस या चक्रात चुकून शिरतो आणि त्याच्याही शरीरात अशाच गाठी होऊ शकतात. क्लोरीन किंवा आयोडीनच्या गोळ्या आणि अतिनील प्रकाशाची उपकरणे या अंड्यांवर भरवशाची नाहीत. पाणी खळखळून उकळावे, किंवा ०.४ मायक्रॉन अथवा त्याहून बारीक छिद्रांच्या गाळणीने गाळावे. अलीकडच्या वर्षांत गरम उन्हाळ्यांत काही अंतर्गत तळ्यांत निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर येतो. त्यातील विष उकळून किंवा गाळूनही जात नाही. रंगाच्या साईसारखा थर दिसला तर त्या तळ्याचे पाणी पिऊ नये, त्यात पोहूही नये, आणि परतल्यावर जागा व तारीख रेंजरना कळवावी. भांडी आणि अंग धुण्याचे पाणी कोणत्याही साबणासह थेट तळ्यात जाऊ देऊ नये. पाण्यापासून साठ-सत्तर पावले दूर जाऊन ते जमिनीवर पसरावे.

बेटावरून काहीही उचलून आणू नये. हिरव्या ठिपक्यांचा ग्रीनस्टोन हा मिशिगनचा राज्यरत्न दगड इथल्या किनाऱ्यांवर सापडतो आणि मुलांच्या खिशात तो सहज जातो. मूसची शिंगे आणि हाडे हीसुद्धा त्या दीर्घ अभ्यासाची सामग्री आहे. कवटी दिसली तर ती जागेवरच ठेवून ठिकाण नोंदवावे. हजारो वर्षांपूर्वी इथे मूळ रहिवाशांनी दगडी हातोड्यांनी तांबे काढले, त्याचे खड्डे आजही दिसतात. त्यांच्या कडा ठिसूळ असतात, त्यामुळे मुलांना हात धरून दुरूनच दाखवावे. विंडिगोजवळच्या पाण्यात १९२८ मध्ये बुडालेल्या ‘अमेरिका’ नावाच्या जहाजाचा पुढचा भाग पृष्ठभागाच्या इतका जवळ आहे की शांत दिवशी तो बोटीतून दिसतो. आपला मार्ग पूर्व टोकाचा असल्याने ते पाहणे या वेळी जमणार नाही.

कायाक नेता येते. फेरीबोटी ती जादा शुल्क घेऊन नेतात. पण मुलांसोबत ती फक्त रॉक हार्बरच्या आतल्या, बेटांच्या रांगेने झाकलेल्या खाडीतच वापरावी. खुल्या सरोवराचे पाणी ऑगस्टमध्येही हातपाय बधिर करणारे असते, वारा अर्ध्या तासात बदलतो, आणि पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातांची ताकद काही मिनिटांत जाते. लाइफ जाकीट सर्वांनी, पूर्ण वेळ, बंद लावूनच घालावे. टेकडीपलीकडच्या तळ्यात कायाक उचलून नेण्याचा विचार असेल तर चाकांची गाडी वाटेवर चालत नाही, ती खांद्यावरच न्यावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेक सुपीरियरमध्ये आलेले परके जीव, उदाहरणार्थ काटेरी जलपिसू हा पाण्यातील अगदी बारीक प्राणी, या आतल्या तळ्यांत पोहोचू नयेत म्हणून कायाक, वल्ही, दोर आणि मासेमारीचा गळ प्रत्येक वेळी रिकामे करून, पुसून, पूर्ण वाळवूनच आत उतरवावे लागतात. आतल्या तळ्यांत जिवंत किंवा सेंद्रिय आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम आमिष चालते. तिथे मिशिगनचा मासेमारी परवाना लागत नाही, लेक सुपीरियरच्या पाण्यात मात्र लागतो.

पाच दिवसांत कायाक पुन्हा पुन्हा पूर्ण वाळवणे दमट हवेत अवघड जाते. म्हणून मी आपल्याला ती एका पाण्यापुरतीच, म्हणजे रॉक हार्बरपुरतीच, ठेवण्याचा सल्ला देईन, आणि घरून निघण्याआधी किमान पाच दिवस ती कोरड्या जागी उलटी ठेवावी. हॉटनहून जाणार असाल तर जहाजावर सामान चढवण्याच्या वेळी कायाकची जागा आधी नोंदवावी लागते; हंगामात ती लवकर भरते, म्हणून तिकिटासोबतच सांगावे.